गाडीला आग्रह

ऐन वैशाखात भानोजीराव सरकारांच्या मोटारीचा एसी गरम हवा ओकू लागला. संध्याकाळी सरकारांना जरीचा अंगरखा घालून व्याह्यांकडे जायचं होतं.

"गॅस भरा! दोन डबे भरा!" सरकार कडाडले.

भरले. मोटार आणखी तापली.

"आणखी दोन!"

भरले. आता आतून भट्टीसारखी झळ मारू लागली.

चिंचगडचं राज्य जाऊन जमाना झाला होता, पण सरकारांचा हट्ट कुणी खालसा केला नव्हता. गढीचा रिवाजही तसाच होता. तिथं मोजून वाढत नसत. पाहुण्यानं दोन्ही हात ताटावर आडवे धरेपर्यंत जिलबी पडतच राहायची. सात पिढ्यांत गढीच्या आत तराजू आला नव्हता. मग मोटारीलाच मोजून गॅस कोण घालणार?

शेवटी लहूला बोलावणं गेलं. गढीच्या पायथ्याला, सरकारांच्याच जागेवर त्याचं गॅरेज होतं. ते उभं केलं थोरल्या भावानं, अंकुशनं. अंकुश चैत्रात तापानं गेला. लहूनं शाळा तिसरीत सोडलेली, आणि जिभेला लगाम तर कधी नव्हताच. कपाळावर अंकुशचा चष्मा चढवून, गॅसचं यंत्र ढकलत तो चौकात शिरला.

पाहतो तर काय! ड्रायव्हर हैबती गॅसचा डबा शेगडीवर शेकत बसलेला!

लहूनं झेप घेतली. डबा उचलून सावलीत ठेवला आणि शेगडीवर बादली ओतली.

"हैबतीमामा, बॉम्ब भाजून खाताय का?"

"अरे, तळाशी थोडा राहिलाय. गरम केला की सगळा मोटारीत जातो."

"सगळा जातो, आणि सोबत तुम्हीपण जाता!"

सरकार ओट्यावर आले. "लहू, गप्पा पुरे. अजून दोन डबे भर आणि मोटार गार कर. वजनाचा काटा गढीत आणायचा नाही. संध्याकाळपर्यंत गार झाली नाही, तर गॅरेजला टाळं!"

ते टाळं गॅरेजला नव्हतं, अंकुशच्या नावाच्या पाटीला होतं. लहूनं मोटारीला गॅसचा दाब दाखवणारी घड्याळं जोडली. सुई तांबड्यात जाऊन थरथरत होती. आधीच जास्त! आणखी एक डबा गेला तर कुठली नळी कुणाच्या तोंडावर फुटेल, सांगता येत नव्हतं.

"भरतो, सरकार," तो म्हणाला. "पण माझीही एक अट. आधी तुम्ही जेवायला बसायचं. वाढणार मी. तुम्ही जिथं थांबाल, तिथं मी थांबेन."

"एवढंच? वाढ!" सरकारांना जिलबी म्हणजे जीव की प्राण.

पान मांडलं. पहिल्या दहा जिलब्या सरकारांनी हसत खाल्ल्या.

"घ्या सरकार, माझ्यासाठी एक!"

पंधरा झाल्या.

"ही अंकुशदादासाठी! त्याला नाही म्हणाल?"

वीस! सरकारांच्या कपाळावरून घाम गळू लागला. आचारी पंख्यानं वारा घालत होता, तरी अंगाची लाही होत होती.

"आता ही चिंचगडच्या अब्रूसाठी!"

सरकारांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. "पुरे, मेल्या! आणखी एक घातलीस तर फुटेन मी!"

लहूनं जिलब्यांची परात खाली ठेवली. "सरकार, मोटारही तेच ओरडतेय. फक्त ताटावर आडवे धरायला तिला हात नाहीत!"

हैबतीनं शेगडीकडे पाठ फिरवली. सरकारांना बोलायला जागाच उरली नव्हती. त्यांनी हातानंच खूण केली, काढ बाबा, काढ!

"पण काट्याशिवाय जमणार नाही."

सरकारांनी डोळे वटारले. मग पोटावर हात ठेवून मान हलवली.

लहूनं इंजिन बंद केलं, हातमोजे घातले, चष्मा डोळ्यांवर ओढला.

"दिसत तर काही नाही, मग चष्मा कशाला?" हैबतीनं विचारलं.

"अंकुशदादा म्हणायचा, दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं. उडाला तर डोळा गोठवतो हा गॅस."

त्यानं सगळा गॅस यंत्राच्या टाकीत ओढून घेतला, फुंकरभरही हवेत सोडला नाही. मग नळ्यांत नायट्रोजन भरून सांध्यांना साबणाचा फेस लावला. एका सांध्यावर बुडबुडे नाचू लागले. तिथली रबराची कडी मिरीएवढी चिरली होती. नायट्रोजन सोडून त्यानं कडी बदलली आणि पुन्हा फेस लावून पाहिला. एकही बुडबुडा नाही! मग यंत्रानं आतली हवा न् ओल शोषून घेतली. बॉनेटखालच्या चिठ्ठीवर पाचशे पन्नास ग्रॅम लिहिलं होतं. काट्यावर पाहत त्यानं तेवढाच गॅस सोडला. ना एक जिलबी जास्त, ना कमी!

इंजिन सुरू झालं. सरकार आत बसले. गार झुळूक आली आणि त्यांच्या मिशा शहारल्या.

"गार आहे!" ते म्हणाले, आणि लगेच भुवई चढली. "पण लहू, माझ्या गढीत तू काटा आणलास. सात पिढ्यांचा रिवाज मोडलास. आता काय शिक्षा करू?"

"रिवाज कुठं मोडला, सरकार? आग्रह पाहुण्याला करतात. मोटार तर घरची आहे. घरच्या माणसाला कुणी वीस जिलब्या चारतं का?"

सरकारांना हसू फुटलं. हसता हसता अंगरख्याचा एक बंद तुटला. "घरच्यालाच पाहुणा समजून मारत होतो म्हण की!" ते पुन्हा हसले आणि हैबतीला हाक मारली. "कागद आण! गॅरेजची जागा आजपासून याची. नाव काय घालू? लहू?"

"अंकुश घाला."

"अरे, पण तो तर..."

लहूनं चष्मा कपाळावर चढवला. "दिसत नाही, सरकार. एवढंच."

सरकारांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि कागदावर ठसठशीत अक्षरांत अंकुशचं नाव घातलं. मग खिडकीतून हात बाहेर काढून ओरडले, "आचारी! उरलेल्या जिलब्या या पोराला बांधून दे. आणि खबरदार मोजशील तर!"