झाकलेली दाण्याची पात्रे

वेत्रपूर नगरात राजा विमलघोष राज्य करीत असताना बोधिसत्त्व कोंबड्या पाळणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. नगराची एक विचित्र रीत होती. दरवर्षी उन्हाळ्यातल्या एका पौर्णिमेला प्रत्येकाने आपले सगळे पक्षी राजासमोर तराजूत घालायचे. ज्याचे एकूण वजन सर्वांत कमी भरेल, त्याची खुराडी शेजाऱ्याला मिळायची. त्यामुळे जो तो पक्ष्यांना गुळाच्या पाण्यात भिजवलेला दाणा दिवसभर चारी. पक्षी पात्राशी बसूनच खाऊ लागला की मालक खूश होऊन म्हणे, "तृप्त झाला!" आणि आणखी वाढी.

बोधिसत्त्वाची शेजारीण सुभगा ही विधवा बाई. पौर्णिमा महिन्यावर आली आणि तिचे पक्षी धापा टाकत मरू लागले. ती रडत आली. "दादा, दाणा आणखी वाढवू का?"

बोधिसत्त्वाने एक पक्षी उचलून उभा केला. त्याचे पाय फाकले.

"ताई, हा तृप्त नाही. याला उभंच राहता येत नाही. अंग भराभर वाढलं, ते पायांना आणि काळजाला झेपेना. दुपारभर पात्रं झाकून ठेव. दाण्यात लसूण, हळद आणि थोडं ताक कालव."

"भुकेनं ओरडतील की!"

"ओरडू दे. ओरडायला दम लागतो."

स्वतःच्या फायद्यावर असे पाणी सोडणारा शेजारी विरळाच!

पौर्णिमेला इतरांचे थोराड पक्षी आले खरे, पण कितीतरी वाटेतच उन्हाने मेले. सुभगाचे पक्षी आकाराने लहान होते. मात्र त्या महिन्यात एकही दगावला नव्हता. तिचे पारडे बऱ्याच जणांहून जड भरले. राजाने कारण विचारले, तेव्हा तिने बोधिसत्त्वाकडे बोट दाखवले.

राजा नवलाने म्हणाला, "अरे, हिची खुराडी तुलाच मिळाली असती!"

"महाराज, आपल्या ताटात येणं या जिवांना चुकत नाही. तोवर तरी त्यांनी आपल्या पायांवर चालावं."

राजाची मान खाली गेली. त्याने तराजू उतरवला, ती रीत मोडली, आणि त्या दिवशी वाढलेले मांसाचे ताट परत पाठवले. पुन्हा कधी मागवले नाही.

आपल्या पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची सुभगा म्हणजे आज रुग्णांची सेवा करणारी ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी धम्मसेना. तो राजा म्हणजे हा उपासक कोसिय. आणि कोंबड्या पाळणारा मीच होतो. जिवाला किती पुरे हे ओळखून तेवढेच देणे, हीसुद्धा करुणाच."