करंजाखालची परात

त्या मुलखात वाटा उरल्या नव्हत्या. पूर्वी होत्या, एका टेकडीवरून दुसरीवर, या बिळातून त्या बिळाकडे. मग उंच आभाळात निरोप्या घारी फिरू लागल्या आणि चालायची गरजच संपली. प्रत्येकाने आपल्या अंगणात एक मोठी परात आभाळाकडे तोंड करून पुरली. परातीत बोलायचं, वरून जाणारी घार शब्द उचलायची आणि ज्याच्या त्याच्या परातीत नेऊन टाकायची. वाटांवर गवत चढलं, मागून काटेरी झुडपं आली. कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

घारींचं काम चोख होतं, असं सगळे म्हणत. एक घार मावळतीला उतरली आणि दुसरी अजून उगवली नसली की परात जरा वेळ मुकी राही. ढग आले की जास्त वेळ. सुरुवातीला बिळकरी यावर फार कुरकुरत. तेव्हा घारींनी युक्ती काढली. एखाद्या घरातून नवा शब्द मिळाला नाही, तर त्या घराचा शेवटचा शब्दच पुन्हा टाकायचा. पराती बोलत्या राहिल्या, कुरकुर थांबली. युक्ती काय आहे हे कोणी विचारलं नाही, आणि घारींनी आपणहून सांगितलं नाही.

या मुलखात यसाई नावाची एक साळिंदर राहत होती. तिची एकुलती लेक पवळा एका टेकडीपलीकडे नांदत होती. लेकीच्या पाठवणीला यसाईने करंजाचं रोप दिलं होतं. पवळाने ते हौसेने परातीशेजारीच लावलं. पुढे पवळाचा नवरा वणव्यात गेला, आणि ती एकटी राहिली. ती गरोदर होती. रोज सकाळी मायलेकी बोलत.

"आई, करंज फार वाढलाय गं. फांदी परातीवर वाकायला लागलीय. छाटू का?"

"छाटू नकोस," यसाई म्हणाली. "लेकराला सावली होईल. हाताने लावलेलं झाड कोणी तोडतं का?"

पवळा हसली. "बरं बाई, राहू दे." मग ती खोकली. "मी बरी आहे गं आई."

दुसऱ्या दिवशी परातीत पडलं, मी बरी आहे गं आई. तिसऱ्या दिवशीही तेच. यसाई विचारी, खाल्लंस का, पाय सुजलेत का, किती दिवस राहिले. उत्तर एकच. लेक कंटाळली असेल, असं तिला वाटलं. आपणही आईला असंच तोडून बोलायचो, हे तिला आठवलं.

बाराव्या दिवशी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. शब्दांच्या आधी खोकला येत होता. रोज तोच, तितकाच, त्याच जागी. तिच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला.

शेजारी दगडोबा मुंगूस राहायचा. तिने त्याला बोलावून ऐकवलं.

"ढग आहेत, यसाई," तो म्हणाला. "ढगांमुळे तसं ऐकू येतं. लेक बरी आहे म्हणते ना? मग?"

"मला तिला बघायचंय."

"चालत?" दगडोबाला हसू आवरेना. "बरं, जा. तुमच्या परातीकडे मी लक्ष ठेवतो."

ती टेकडी म्हणजे जेमतेम अर्ध्या दिवसाची चाल. झुडपांनी तिला ओरबाडलं, दोनदा ती वाट चुकली, आणि आपण हे आधी का केलं नाही हा प्रश्न पावलोपावली तिला टोचत राहिला. उन्हं कलायच्या आत ती पवळाच्या अंगणात पोचली. परात काही दिसेना. करंजाने ती पार झाकून टाकली होती. झाड गच्च, हिरवंगार होतं, खाली छान गारवा होता.

बिळात पवळा अंगाचं वेटोळं करून निजली होती. यसाईने तिला हात लावला, आणि ती निजलेली नाही हे तिला कळलं. पोट अजून तसंच होतं.

यसाई रडली नाही. ती बाहेर आली आणि तिने करंजाच्या बुंध्याला दात लावले. साल गेली, गाभा गेला. झाड कलंडलं तसे पानापानांत अडकलेले शब्द सुटले आणि परातीत पडू लागले. वर जाताना अडकलेले लेकीचे, खाली येताना अडकलेले आईचे.

"आई, कळा लवकर सुरू झाल्यात."

"खाल्लंस का गं?"

"आई, ऐकू जातंय का?"

"पाय सुजलेत का?"

"आई, ये."

"किती दिवस राहिले?"

"आई, ये ना गं."

शेवटचं पान रिकामं झालं. परातीवर कितीतरी दिवसांनी मोकळं आभाळ आलं. ढगाचा एक तुकडासुद्धा नव्हता. उगवतीकडून एक घार आली, तिने अंगणावर एक घिरटी घातली आणि आणलेला निरोप नेमका परातीत टाकला. आवाज दगडोबाचा होता.

"यसाई, उगाच पायपीट करू नका, परत फिरा. आत्ताच तुमच्या परातीत लेकीचा निरोप आलाय. बरी आहे म्हणते."