ओळीखालची सावली

"काचेवर काहीच नाही, महाराज. मग डाग येतोय कुठून?"

मुकुलने स्कॅनरचं झाकण उघडून दाखवलं. केवलनाथ महाराज खिडकीपाशी बसले होते. उजवा हात नेहमीसारखा उपरण्याखाली.

"काच पुसलीस?"

"कितीदा तरी. मऊ फडक्याने."

"मग नाचता येईना, अंगण वाकडं."

मुकुलला राग आला, पण तो गिळणं भाग होतं. महाराजांचा शब्द होता : पोथी उतरवून घे, मग मठाची गादी तुझी. आजवर गादीवर आलेल्या प्रत्येकाने ती स्वतःच्या हाताने लिहून उतरवली होती. मुकुल शिकलेला, वर घाईचा. त्याने शहरातून स्कॅनर आणला आणि पोथीचं बासन सोडून सुटी पानं एकेक काचेवर ठेवायला लागला. वाचत बसायला वेळ कोणाला आहे?

पण पहिल्याच पानाला घोडं पेंड खायला लागलं. पडद्यावर अक्षरं सुबक यायची आणि एका ओळीखाली काळपट डाग.

"कोरा कागद घालून बघ," महाराज म्हणाले.

कोरा कागद लख्ख आला.

"म्हणजे यंत्र बरं आहे..."

"पोथीच जुनी आहे हो," मुकुल म्हणाला. "कसर लागलीय. डाग कागदाचाच असणार."

"नुसत्या डोळ्यांना दिसतो?"

मुकुलने पान उचलून उन्हात धरलं. डाग नव्हता.

बाहेरचा उजेड आत शिरत असेल म्हणून त्याने झाकणावर घोंगडी टाकली आणि तेच पान पुन्हा काढलं. डाग होता. फक्त एक ओळ खाली उतरला होता.

पुन्हा काढलं. आणखी एक ओळ खाली.

"सरकतोय," मुकुल म्हणाला.

"सरकणारच. वाचताना सरकतं."

मुकुलने चित्र मोठं केलं, जमेल तेवढं स्पष्ट केलं. डागाला कड आली. मग पेर दिसलं. मग नख.

ओळीखाली ठेवलेल्या बोटाची सावली होती ती.

मुकुल घाबरला. आणि घाबरलेला हुशार माणूस जे करतो, तेच त्याने केलं. बटणाकडे हात नेला.

"पुसून टाकतो. लगेच होईल."

"पूस की..."

सावली गेली. तिच्याबरोबर वरची ओळही गेली.

मुकुलने केलेलं मागे घ्यायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. ओळ आली नाही. त्याने घोंगडी ओढून काढली, झाकण उचललं, काचेवरचं पान हातात घेतलं.

शाईने लिहिलेल्या पानावरही ती ओळ नव्हती. तिच्या आधीची होती, नंतरची होती. मध्ये स्वच्छ कागद होता.

"महाराज... ओळ!"

"वाचली होतीस?"

"नाही."

"मग कुठून आणणार?"

"तुम्हाला तर सगळी पोथी पाठ आहे!"

महाराजांनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. एक ओळ झाली, दुसरी झाली... आणि ओठ थांबले.

"होती पाठ," ते म्हणाले. "मघापर्यंत."

मुकुलला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही.

"माझी चूक झाली. पण महाराज, तुम्हीच सांगितलंत ना..."

"मी उतरवून घे म्हटलं होतं. तू काढून घेतलीस."

महाराजांनी उपरण्याखालचा हात बाहेर काढला आणि खिडकीतल्या उन्हात धरला. हात धडधाकट होता. पाची बोटं जागेवर होती.

समोरच्या भिंतीवर हाताची सावली पडली. अंगठा होता. मधलं बोट, अनामिका, करंगळी होती.

अंगठ्याशेजारची जागा रिकामी होती. तिथून ऊन सरळ भिंतीवर पडत होतं.

मुकुलने स्कॅनरची वायर काढली. पोथीची पानं गोळा केली, लावली, चौरंगावर ठेवली आणि समोर मांडी घातली. उठून जाता आलं असतं. दार उघडंच होतं. त्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा त्या कोऱ्या जागेकडे.

मग पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. कागद गार होता. बोटाची सावली अक्षरांच्या कडेला टेकली होती, आणि एवढी गडद सावली त्याने पूर्वी कधी पाहिली नव्हती.

"महाराज," त्याने मान वर न करता विचारलं, "वाचून झाल्यावर बोट परत घेता येईल ना?"

महाराजांनी हात पुन्हा उपरण्याखाली घेतला.

"बोट?... बोट येईल."