चार गाठींचा टॉवेल

एका गावाबाहेरच्या माळावर एक विद्यापीठ होतं आणि त्या विद्यापीठाच्या संगीत विभागात केरबा नावाचा एक भोळा शिपाई होता. भोळा म्हणजे किती? तर सांगितलेलं तो ऐकायचा. नुसता ऐकायचा नाही, तसंच्या तसं करायचा. विद्यापीठात ही सवय फारशी कुणाला नसते, त्यामुळे केरबाचं काय चुकतं ते कुणाला पटकन कळत नसे.

केरबा अकरा वर्षं त्या विभागात होता आणि अकरा वर्षं हंगामी होता. विभागात शिपायाची जागा एकच. काम केरबा करायचा, स्टुलावर केरबा बसायचा, चाव्या केरबाच्या कमरेला. कागदावर मात्र जागा रिकामी. दर वर्षी त्याचा अर्ज वर जायचा आणि दर वर्षी वरच राहायचा. घरी बायको आक्काताई रोज संध्याकाळी एकच विचारायची, "झालासा का कायम?" केरबा म्हणायचा, "न्हाई अजून." मग दोघं जेवायला बसायची.

त्या वर्षी विभागात पाहुण्या कलावंतांचा आठवडा ठरला. आठवडा म्हणायचा, पण दिवस चार. रोज एक कलावंत. सकाळी विद्यार्थ्यांना शिकवणी, संध्याकाळी मैफल. शिकवणीला पत्रिकेवर 'मास्टरक्लास' असं छापलं होतं, म्हणून खुर्च्या जास्त मागवल्या होत्या.

विभागप्रमुख देशिंगकरबाईंनी केरबाला खोलीत बोलावलं.

"केरबा, कुलगुरूंशी माझं बोलणं झालंय. हे चार दिवस कुणा पाहुण्याची तक्रार न येता पार पडले, तर शेवटच्या दिवशी तुझ्या कायमच्या कागदावर सही होईल. तेवढं घोळ घालू नकोस. मी एकेक गोष्ट सांगीन, तिची खूणगाठ बांध."

"बांधतो, बाई," केरबा म्हणाला आणि त्यानं खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला.

पहिल्या दिवशी गायक आले, रत्नाकरबुवा. त्यांच्याबरोबर एक तबलजी. केरबानं चहा आणला. बुवांना कप भरून दिला, तबलजीला घोटभर.

"मला एवढाच?" तबलजीनं विचारलं.

"घसा त्यांचा हाय," केरबा म्हणाला. "तुमास्नी हातानं वाजवायचं."

संध्याकाळी तबलजीनं सगळा राग तबल्यावर काढला आणि रत्नाकरबुवांचं गाणं शेवटपर्यंत कुणाला ऐकू गेलं नाही. बाईंनी दोघांची समजूत घालून त्यांना गाडीत बसवलं आणि केरबाला गाठलं.

"अरे, असा दुजाभाव करू नये. समोर जेवढे मांडलेत तेवढ्या सगळ्यांत सारखं ओतायचं. एकात कमी, एकात जास्त दिसलं, की लगेच नीट करायचं. कळलं?"

"कळलं, बाई." केरबानं टॉवेलाला पहिली गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी वामनराव आगाशे आले. हे जलतरंग वाजवत. चिनी मातीच्या सोळा वाट्या त्यांनी मंचावर अर्धगोल मांडल्या आणि त्यांत पाणी घातलं. एकीत जास्त, दुसरीत जरा कमी, तिसरीत आणखी कमी. मग काडीनं वाजवून बघायचं, चमच्यानं थेंबभर काढायचं, परत वाजवायचं. वाट्या सुरात यायला दोन तास लागले. मग ते कपडे बदलायला गेले.

केरबा पडदा सारखा करायला मंचावर आला आणि बघतच राहिला. सोळा वाट्या, आणि इतका दुजाभाव. त्यानं तांब्या आणला आणि सगळ्या वाट्या काठोकाठ भरल्या. एकीलाही कमी पडू दिलं नाही.

संध्याकाळी वामनरावांनी पहिल्या वाटीवर काडी मारली. मग दुसरीवर मारली. मग काडी खाली ठेवून ते वाट्यांकडे बघत बसले. लोकांना वाटलं आलाप संपला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर एक तास वामनराव चमच्यानं पाणी काढत होते. जाणकारांनी त्यालाही दोनदा दाद दिली.

वामनरावांनी तक्रार लिहायला कागद मागितला. बाईंनी त्यांना घरी जेवायला नेलं, पुरणपोळी वाढली, आणि कागदाचा विषय मागे पडला. सकाळ झाल्यावर बाईंनी केरबाला समोर उभं केलं.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुमीच, बाई. सारखं ओताय."

"ते चहाचं होतं. मंचावर कलाकारानं जे जसं ठेवलंय ते तसंच राहू द्यायचं. हात लावायचा नाही. कितीही विचित्र दिसलं तरी."

केरबानं दुसरी गाठ मारली.

तिसऱ्या दिवशी शोभनाताई बांदिवडेकर गायला बसल्या. अंगावर रेशमी शाल, बाजूला उदबत्त्यांचं घर. गाणं रंगलं, ताईंचा हात वर गेला आणि शालीचा पदर घसरून उदबत्त्यांवर पडला. केरबा मंचाजवळच बसला होता. त्याला सगळं दिसत होतं. आधी एक भोक पडलं. मग भोकाला काळी किनार आली. मग धूर निघाला. दिसत होतं विचित्र खरं. केरबानं हात मांडीखाली दाबून ठेवले. शेवटी तानपुऱ्यावरच्या मुलीनं तांब्या ओतला तेव्हा ताई ओल्या झाल्या आणि भैरवीशिवायच मैफल संपली.

बाईंनी ताईंना स्वतःची पैठणी दिली. लग्नातली होती. मग त्या केरबाकडे वळल्या. त्यांचा आवाज बसला होता.

"समोर शाल जळत होती आणि तू बघत बसलास?"

"त्येनी तशी ठेवली व्हती. मला वाटलं, कलाकाराचं आसंल कायतरी."

"अरे, मग विचारायचं. समोरच्या माणसाला विचारायचं, आणि तो स्वतःच्या तोंडानं जे सांगेल ते खरं धरायचं. आपलं डोकं चालवायचं नाही."

केरबानं आपलं डोकं आजवर कधी चालवलं नव्हतं, तरी त्यानं ऐकून घेतलं आणि तिसरी गाठ मारली.

"आणि आणखी एक," बाई म्हणाल्या. "उद्या सदाशिवबुवांची शिकवणी. कुलगुरू स्वतः येऊन बसणार आहेत. रोज ही मुलं उशिरा येतात आणि मध्येच दार वाजवतात. उद्या दहा वाजून गेल्यावर विद्यार्थी आला, कुणीही असो, कितीही गयावया करो, आत सोडायचा नाही."

चौथी गाठ. टॉवेल आता हातरुमालाएवढा राहिला होता.

सदाशिवबुवा ओझर्डेकर म्हणजे फार मोठे गवई. वय ऐंशीच्या घरात. गाण्यासाठी ते प्रसिद्ध होते आणि नम्रतेसाठी त्याहून जास्त. ते गाडीची वाट न बघता विश्रामगृहातून पायीच निघाले आणि दहा वाजून दहा मिनिटांनी दाराशी पोहोचले. पत्रिकेवर त्यांचा फोटो होता, पण तो काळ्या केसांचा होता. दारात स्टुलावर केरबा होता आणि पायऱ्यांवर उशिरा आलेल्या दोन मुली तोंड पाडून बसल्या होत्या.

केरबाला तिसरी गाठ आठवली. त्यानं विचारलं, "कोण आपण?"

बुवांनी कानाच्या पाळीला हात लावला. "मी कोण असणार, बाबा? विद्यार्थी."

"कितव्या वर्षाला?"

"पहिल्याच म्हण. साठ वर्षं झाली, पण अजून पहिल्याच यत्तेत आहे."

केरबानं मनात हिशेब केला. आपण अकराच वर्षं लटकलो होतो.

"येतं काय काय?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं.

"काही नाही रे. अजून साधा सा लागत नाही मनासारखा."

केरबानं उठून स्टूल पुसलं. "बसा हितं. दहा वाजून गेल्यात. विद्यार्थ्याला आत सोडायचा हुकूम न्हाई."

"अरे, पण आत माझी वाट बघत असतील."

"समदी आसंच म्हणत्यात. मगाशी ह्या दोगी रडल्या सुदीक."

मी सदाशिवबुवा, मोठा गवई, एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण साठ वर्षांत असं म्हणायची बुवांना सवय उरली नव्हती. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग ते स्टुलावर बसले.

आत कुलगुरू घड्याळ बघत होते. विश्रामगृहावर पाठवलेली गाडी रिकामी परत आली होती. अकरा वाजता बाई घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या. "केरबा, बुवा आले का रे?"

"न्हाई, बाई. एक म्हातारा विद्यार्थी तेवढा आलाय. पहिल्या वर्षाचा. सा लागत न्हाई म्हणतो. ह्यास्नी औंदा परीक्षेला बसवू नका, हकनाक नापास व्हतील."

बाईंनी पायऱ्यांकडे पाहिलं. सदाशिवबुवा त्या दोन मुलींना सा लावून दाखवत होते. बाईंनी खांबाला हात टेकला. अकरा वर्षांचा कागद, चार दिवसांची धावपळ आणि लग्नातली पैठणी, सगळं पाण्यात गेलं असं त्यांना वाटलं. मागोमाग कुलगुरूही बाहेर आले आणि त्यांचं तोंड लाल झालं.

पण बुवा हसत होते.

"रागवू नका याला," ते म्हणाले. "साठ वर्षं मी विद्यार्थी आहे म्हणून सांगतोय. सगळ्यांनी हार घातले. खरं मानलं ते या एकट्यानं. माझी तक्रार नाही. याचं काही काम असेल तर करा."

कुलगुरूंचा राग उतरला. त्यांनी तिथंच कोटाच्या खिशातून केरबाचा आदेश काढला, सही केली आणि समारंभ संपला की द्यायचा म्हणून परत खिशात ठेवला. केरबा तोवर खुर्च्या सरकवायला आत गेला होता.

शिकवणी झाली, सत्कार झाला, कुलगुरू भाषणाला उठले. बुवांची नम्रता सकाळपासून त्यांच्या मनात घोळत होती आणि नम्रतेत मागे राहणं त्यांना बरं वाटेना.

"एवढा मोठा माणूस स्वतःला विद्यार्थी म्हणवतो," ते माईकवर म्हणाले, "तिथं मी कसला कुलगुरू? मी या संगीत विभागाचा साधा शिपाई. आजपासून मला शिपाईच समजा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दारात उभ्या असलेल्या केरबानं टॉवेल काढला आणि तिसरी गाठ चाचपली. माणूस स्वतःच्या तोंडानं सांगत होता. विभागात शिपायाची जागा एकच होती. अकरा वर्षं वाट बघितली आणि आज, शेवटच्या दिवशी, ती गेली. केरबाला फार वाईट वाटलं, पण कुणाच्या पोटावर पाय देणारा माणूस तो नव्हता.

कुलगुरू खाली उतरले तेव्हा केरबानं कमरेच्या चाव्या काढून त्यांच्यापुढे धरल्या. कुलगुरूंना सत्काराची सवय होती. पुढे आलेली वस्तू त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि फोटोसाठी हसले.

"ह्यो टॉवेल बी ठेवा," केरबा घाईघाईनं म्हणाला. "पयली गाठ, समद्यास्नी सारखं ओताय. दुसरी, मांडलेल्याला हात लावायचा न्हाई. तिसरी, माणूस सांगंल ते खरं. चौथी, दहानंतर कुणाला सोडायचं न्हाई. स्टूल जरा हलतंय, भिंतीला लावून बसा."

कुलगुरूंनी खिशातला कागद काढून वर पाहिलं, तोवर केरबा माळ उतरून गेला होता.

घरी आक्काताई भाकरी थापत होती. "झालासा का कायम?"

"न्हाई. जागा भरली."

"कुनी?"

"कुलगुरूंनी. माईकवर सांगितलं."

आक्काताईनं भाकरी उलटली. तिनं थोडा विचार केला. "म्हंजे त्यांची जागा मोकळी झाली की वो."

केरबाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलगुरू एका हातात चाव्या आणि टॉवेल, दुसऱ्या हातात केरबाचा आदेश घेऊन आपल्या कार्यालयात शिरले. त्यांच्या खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून केरबा बसला होता. टेबलावर चहाचे दोन कप होते. दोन्हींत अगदी सारखा चहा होता.

"या, बसा," केरबा म्हणाला. "म्या काल लई इचार केला. अकरा वर्षं लटकणं काय आसतंय ते मला म्हाईत हाय. तुमास्नी तसं लटकवणार न्हाई. आणा तो कागद."

कुलगुरूंच्या हातातून कागद टेबलावर पडला. केरबानं तो सरळ केला. वर लिहिलं होतं, 'संगीत विभाग, शिपाई, कायम'. पुढचं नाव वाचायची त्याला गरज वाटली नाही. माणूस समोरच उभा होता. त्यानं खाली सही ठोकली, कागदाची घडी केली आणि ती कुलगुरूंच्या वरच्या खिशात नीट खोचली.

"झालासा कायम," केरबा म्हणाला. "जावा आता, दहा वाजत्यात. विभाग उघडायचा हाय."