ठकाईची आरोळी

घाटात सडक झाली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा वरच्या गावचा निरोप खालच्या वाड्यांना माणसाच्या पायांवरच जायचा. निरोप नेणाऱ्याला जासूद म्हणत. खालच्या टेपवाडीचा खेमाजी असाच जासूद होता. तो पळाला की मागची धूळ उठायच्या आत पुढच्या वळणावर दिसायचा, असं म्हणतात.

पण घाटाचा उतार पाय खातो. एका वर्षी खेमाजीच्या नडग्या ठणकू लागल्या. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की टाचेत काटा मोडल्यासारखी कळ यायची. तो कुणाला बोलला नाही. लंगडा जासूद कोण ठेवणार? फडकी आवळून बांधायची आणि पळायचं, असं त्यानं चालवलं.

अशात पावसाळ्याच्या अखेरीला वरच्या तळ्याचा बांध फुटायला आला. पाटील म्हणाले, "खेमाजी, खालच्या वाड्या रिकाम्या करायला सांग. पळ बाबा!"

खेमाजी सुटला. निम्मा घाट उतरला आणि नडगीत अशी चमक भरली, की तो ओढ्याकाठी कोसळला. उठला, पुन्हा पडला. खाली त्याची बायको होती, लेकरं होती.

तिथं ठकाई धनगरीण शेरडं चारत होती.

"ठकाई, मला उभं कर! बांध फुटतोय!"

"पाय मोडून घेशील आणि निरोपही पोचायचा नाही. बस खाली."

तिनं त्याचे पाय ओढ्याच्या गार पाण्यात सोडले आणि स्वतः कड्यावर चढली. तोंडाशी हात धरून तिनं आरोळी ठोकली, "बांध फुटतोय! वर या होऽ!" त्या आरोळीसरशी ओढा वाहायचा थांबला, असं म्हणतात. समोरच्या डोंगरावरच्या गुराख्यांनी ती उचलली, त्यांच्याकडून पलीकडच्यांनी. पाणी खाली पोचलं, तेव्हा वाड्यांत एक कोंबडंसुद्धा उरलं नव्हतं.

खेमाजी रडला. "माझं काम तू केलंस. आता मला कोण विचारणार?"

"पाय बरे झाले की सगळे विचारतील. तोवर पळायचं नाव काढू नकोस."

तिनं त्याला ठेवून घेतलं. निर्गुडीच्या पाल्यानं शेकलं, करंजाच्या तेलानं पोटऱ्या चोळल्या, तळव्याखाली फिरवायला ओढ्यातला गोल गोटा दिला. कळ थांबली तरी पळू दिलं नाही. आधी शेरडांमागं चालवलं. तो घाई करू लागला की मागून हाक यायची, "शेरडांच्या पुढं जायचं नाही!" मग सपाटीवर हळूहळू पळवलं आणि सगळ्यात शेवटी घाटाला सोडलं. खेमाजी घाट उतरून गेला, पुन्हा चढून आला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून राहिला.

पुढं घाटातला प्रत्येक जासूद तिच्याकडे थांबू लागला. ठकाई गेली तेव्हा साऱ्यांनी मिळून तिला खांदा दिला. त्या दिवसापासून त्या ओढ्याचं पाणी वैशाखातही बर्फासारखं गार असतं, असं म्हणतात.

आता घाटात सडक आहे. तरी दर चैत्रात टेपवाडीत शर्यत भरते, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी लांबून येतात. शर्यत सुटण्याआधी गावातलं वडीलधारं माणूस विचारतं, "कुणाचे पाय दुखतात?" जो हो म्हणेल, त्याला कुणी हसत नाही. त्याला ओढ्यात पाय सोडून बसवतात आणि गावजेवणाचं पहिलं पान त्याचं वाढतात. पळणारे त्याच्यासमोरून जाताना ओरडतात, "बस रे निवांत, ठकाईच्या नावानं बस!"