उणे एक

“...आणि उत्तरच आलं नाही, तर? तर तुझा प्रोग्राम काय समजतो?”

सुजय वारंगे म्हणाला, तसं सहसा होत नाही.

“होतं का, ते नाही विचारलं.”

गुरवबाईंनी मान वर केली नाही. त्यांचं बोट कागदावर एका ओळीपाशी थांबलं होतं, आणि ते तिथून हलेना, तेव्हा सुजयला पहिल्यांदा थोडं अस्वस्थ वाटलं.

जाखाईच्या डोंगरमाथ्यावर, देवळामागच्या दोन खोल्यांच्या घरात बाई राहायच्या. तालुक्याच्या तंत्रनिकेतनात तीस वर्षं त्यांनी पोरांना सी भाषा शिकवली, आणि निवृत्त झाल्यावर घराण्याकडे असलेली देवीची पूजा करायला वर येऊन राहिल्या. सुजय त्यांचा विद्यार्थी. हुशार विद्यार्थी, आणि ही गोष्ट त्याला इतरांनी सांगावी लागत नसे.

आता या डोंगरावर रोपवे झाला होता. तो चालवणारा प्रोग्राम सुजयने एकट्याने लिहिला होता. उद्या सकाळी उद्घाटन. पहिल्या ट्रॉलीत पायथ्याच्या गावातल्या म्हाताऱ्या बसायच्या होत्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ज्यांनी देवीचं तोंड पाहिलं नव्हतं अशा बारा जणी. त्यांची नावंसुद्धा ठरली होती, आणि कोण खिडकीशी बसणार यावरून त्यांच्यात दोन भांडणंही होऊन गेली होती.

चालू करायचं बटण बाईंनी दाबावं, असं सुजयच्या मनात होतं. बाईंनी निरोप धाडला, ये, पण प्रोग्राम कागदावर छापून आण.

तो आला. ओसरीवर टेकता टेकता त्याने तब्येत विचारली. बाईंनी काहीतरी सांगितलं. “छान, छान,” म्हणत त्याने बॅगेतून कागदांचा गठ्ठा काढला आणि सांगायला सुरुवात केली. तीन आठवडे रोज चाचणी चालू आहे. एकदाही लाल दिवा नाही. एकदाही रोपवे थांबला नाही. असा प्रोग्राम अख्ख्या राज्यात नसेल.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पेन्सिल घेऊन वाचायला बसल्या, आणि तासाभराने त्या ओळीपाशी आल्या.

“वरच्या चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर आहे,” सुजय म्हणाला. “प्रोग्राम त्याला सेकंदाला दहा वेळा विचारतो. वेग वाढला की ब्रेक लागतो.”

“आणि सेन्सर गप्प बसला तर? हे फंक्शन काय परत देतं?”

“उणे एक.”

“म्हणजे?”

हे तर पहिल्या वर्षाचं. वेग काही शून्याच्या खाली जात नाही. तेव्हा उणे एक हा वेग नव्हेच. मला कळलं नाही, असं ते फंक्शन, प्रोग्रामचा तो वेग विचारणारा तुकडा, सांगतंय. वर्गात बाई खडूने फळ्यावर ठोकून ठोकून हेच सांगायच्या.

“आणि त्या उणे एकचं तू काय केलंस?”

“आधीचा वेग धरून पुढे जातो.”

“किती वेळ?”

“पुढचं उत्तर येईपर्यंत.”

“आणि ते आलंच नाही?”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

मग सुजयने सगळं समजावून सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज कारण नसताना चढत गेला. सुरुवातीला त्याने नियमाप्रमाणेच लिहिलं होतं. उत्तर आलं नाही की रोपवे थांबव. पण वरच्या सेन्सरची तार कधी दवाने ओली व्हायची, कधी वाऱ्याने हलायची. एका दिवसात नऊ वेळा लाल दिवा लागून ट्रॉली दरीवर लटकली. आत माणसं नव्हती, वाळूची पोती होती, पण नेमके त्याच दिवशी रोपवेचे मालक फडतरे पाहुणे घेऊन आले होते. पाहुण्यांसमोर त्यांनी सुजयचा जो उद्धार केला, तो त्याच्या बापानेही कधी केला नव्हता. जाताना म्हणाले, मला तो लाल दिवा पुन्हा दिसता कामा नये.

“मग दिसला नाही?”

“नाही दिसला.”

“तार दुरुस्त केलीस?”

“नवी मागवलीये. यायला महिना लागेल.”

देवळाच्या बाजूने कुणीतरी घंटा वाजवून गेलं.

“या तीन आठवड्यांत सेन्सर किती वेळा गप्प बसला?”

सुजय म्हणाला, त्याची नोंद होते. दर वेळी एक ओळ फाइलमध्ये लिहिली जाते. त्याला वाटलं, इथे तरी आपण सुटलो.

“वाचतं कोण?”

सुजय कागद उलटून ती ओळ शोधू लागला.

“फाइल लिहिली जाते, हे कशावरून? डिस्क भरली असली, तर लिहिणारं फंक्शनही उलटून सांगतं, मला जमलं नाही म्हणून. ते ऐकतोस?”

नाही. तेही तो ऐकत नव्हता. चार हजार ओळींत प्रत्येक फंक्शन काही ना काही उलटून सांगत होतं, आणि त्याने अर्ध्यांचं ऐकलंच नव्हतं. रोज इतकं काम पडायचं की ही गोष्ट मनात आली तरी तो तिच्याकडे कानाडोळा करायचा. आता बाईंच्या ओसरीवर बसून कानाडोळा करायला जागाच उरली नाही.

“आज वर कसा आलास?”

“पायऱ्यांनी.”

“अकराशे पायऱ्या?”

“तेवढाच व्यायाम,” सुजय म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. सकाळी पायथ्याला ट्रॉली उभी होती, दार उघडं होतं, आणि हा गडी बूट करकरवत पायऱ्या चढू लागला होता. का, ते त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

बाई उठल्या. आतून पिशवी आणली, पदर खांद्यावरून नीट घेतला.

“मला तालुक्याला डॉक्टरांकडे जायचंय. डोलीवाल्यांना चारची वेळ दिलीये. पण म्हटलं, तुझा रोपवे आहे, डोली कशाला?”

“डॉक्टर? काय झालं?”

“रात्रीपासून छातीत धरलंय. आल्या आल्या विचारलंस तू. मी सांगितलं.”

सुजय ‘छान, छान’ म्हणाला होता.

बाई ओसरीच्या पायऱ्या उतरून चालायलाही लागल्या. वरचं स्टेशन घरापासून शंभर पावलांवर. तेवढ्या वाटेत त्या दोनदा थांबल्या, छातीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, पुन्हा चालल्या. सुजय मागून जात होता. काहीतरी सांगून ही वेळ मारून न्यावी, आज नाही उद्या, उद्या नाही परवा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

स्टेशनात दगडू ढेबे होता. पन्नाशीचा, याच डोंगरावरच्या वाडीतला माणूस. कंपनीने त्याला ट्रॉली चालवायला ठेवलं होतं. बाईंना पाहून तो उठला, हात जोडले, दुपारी चाचणीसाठी वर आणलेल्या ट्रॉलीचं दार उघडलं.

बाई आत जाऊन बसल्या. पिशवी मांडीवर घेतली.

“चल सुजय. सोबत ये.”

सुजय दारापाशी उभा राहिला. ट्रॉलीच्या पुढे काही नव्हतं. सहा-सातशे फूट खाली पायथ्याचं गाव होतं, आणि मध्ये ट्रॉलीची जाड तार झुकून उतारावरून खाली गेली होती. भिंतीवरच्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं होती, सर्व ठीक. ती त्याने स्वतः लिहिली होती. रंगसुद्धा त्यानेच निवडला होता.

त्याचा पाय उचलेना. गेले तीन आठवडे दिवसा लपवलेली आणि झोपेत दचकवून उठवणारी ती भीती आता त्याच्यापुढे उघडी पडली होती. तो घाबरला होता. ती ओळ बदलली त्या दिवसापासून घाबरला होता.

“सायेब, सोडू का?” दगडूचा हात खटक्यावर गेला.

“थांबा जरा... वारा आहे आज.”

दगडूने बाहेर पाहिलं. “वारं कुठलं, सायेब? पान हलंना.”

“मग आधी चहा घेऊ. बाई, चहा घेऊन जा.”

“मला चहा नको,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “दगडू, सोड.”

“बाई, उतरा.”

“का?”

“उतरा ना तुम्ही.”

“का, ते सांग.”

“मला...” त्याने एकदा दगडूकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे. “मला माहीत नाही.”

“काय माहीत नाही?”

“ही किती वेगाने जाते, ते. सेन्सर गप्प झाला की मला काहीच कळत नाही. आणि माहीत असल्यासारखं मी दाखवतो. ही सुटली ना, बाई... सुटली तरी तिकडे सर्व ठीकच येईल.”

बाई जागच्या हलल्या नाहीत.

“हे मला सांगून काय उपयोग? मी नुसती बसलेय. मला थांबवता येतं का?”

मग सुजयची मान सावकाश दगडूकडे वळली.

“दगडूभाऊ, खटक्यावरचा हात काढा. ही आज सोडायची नाही. उद्याही नाही.”

दगडूने हात काढला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “सायेब, परवाच्याला माझी मंडळी आन् सून बसवून आणली म्या हितनं.”

सुजयला वाटलं, त्याने शिव्या द्याव्यात. त्याने दिल्या नाहीत. भिंतीला टेकून तो खाली बसला आणि आपल्या हाताकडे बघत राहिला. त्या क्षणाइतकी लाज सुजयला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“आता वर कोण?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे?”

“दगडू ही ट्रॉली थांबवील. उद्याचं कोण थांबवील?”

सुजयने खिशातून फोन काढला. दोनदा चुकीचा नंबर लागला, कारण बोट हवं तिथे पडत नव्हतं. बाई ट्रॉलीतच बसून होत्या. दार उघडं होतं, खाली दरी होती, आणि फोन लागेपर्यंत त्या उतरणार नाहीत हे त्याला कळून चुकलं.

फडतरे पायथ्याशीच होते, मांडव घालून घेत होते. सुजय म्हणाला, उद्घाटन करता येणार नाही. पलीकडून जे यायचं ते आलं. ते त्याने कानापासून फोन न हलवता ऐकून घेतलं. मग फडतरेंनी विचारलं, बिघाड कुठे आहे. सेन्सरची तार खराब आहे, असं सांगता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. सुजयच्या जिभेवर ते आलंही होतं.

“माझ्या प्रोग्राममध्ये,” तो म्हणाला. “तार खराब आहे, ते त्याने तुम्हाला दर वेळी सांगायला हवं होतं. मी त्याचं तोंड बंद केलं.”

मग फडतरे म्हणाले, खाली ये. मांडवात सगळे जमलेत. त्या म्हाताऱ्याही नवी लुगडी दाखवायला येऊन बसल्यात. त्यांना तूच सांग, तुझ्या तोंडाने.

फोन बंद झाला.

बाई ट्रॉलीतून उतरल्या. उतरताना त्यांनी सुजयचा दंड धरला, आणि त्यांची बोटं किती गार पडली आहेत ते त्याला कळलं. एवढा वेळ त्याही घाबरलेल्या होत्या.

डोलीवाले चारच्या आधीच आले. दगडूने बाईंच्या घरातून गोधडी आणून डोलीत अंथरली. बाईंना बसवलं, चौघांनी डोली खांद्यावर घेतली, आणि सगळे पायऱ्या उतरू लागले.

सुजय डोलीच्या बाजूने चालत होता. वाटेत तो दर थोड्या वेळाने विचारायचा, बाई, कसं वाटतंय? आणि बाई उत्तर देईपर्यंत पुढचं पाऊल टाकायचा नाही. कधी बरं आहे म्हणायच्या, कधी नुसती मान हलवायच्या. शेवटच्या वळणावर म्हणाल्या, कळ थोडी कमी आहे.

तिथून मांडव दिसू लागला. पताका लागल्या होत्या. पुढच्या रांगेत त्या बारा जणी पदर सावरून बसल्या होत्या, आणि डोली दिसताच माना उंचावून पाहू लागल्या. कमरेवर हात ठेवून फडतरे उभे होते.

सुजयची नोकरी जाणार, हे तर ठरलेलंच होतं. त्याचं त्याला आता फारसं काही वाटत नव्हतं. त्या बायकांच्या डोळ्यांत बघून बोलायचं, याने मात्र त्याचे हात जे थरथरायला लागले ते थांबेनात. त्याने ते पँटच्या खिशात कोंबले, मूठ घट्ट आवळली, आणि चेहरा शक्य तितका शांत केला.

बाईंनी डोलीवाल्यांना थांबायला सांगितलं.

“हात बाहेर काढ, सुजय,” त्या म्हणाल्या. “त्यांना दिसू देत.”