कंदिलाची सुरगाठ

काजरबंदरात दिवाळीला आलेला पाहुणा हमखास फसतो. दिवेलागण झालेली असते, घरोघरी चकल्यांचा वास सुटलेला असतो, माडामाडावर कंदील टांगलेले असतात. पण दर्याकडच्या अंगाला एकही पेटलेला नसतो. पाहुण्याला वाटतं, वीज गेली. वीज कुठेही गेलेली नसते. वेशीवर ग्रामपंचायतीची पाटीच आहे: 'शेवटची होडी लागल्याशिवाय दर्याकडे कंदील पेटवू नये. कंदिलाच्या दोरीला निरगाठ मारू नये.' पहिला नियम एक वेळ समजतो, दुसरा वाचून पाहुणे हसतात. मग पारावर बसलेले बाबल गिरप त्यांना बसवून घेतात आणि ही हकीकत सांगतात.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, म्हणे. तेव्हा अंधार पडल्यावर दर्यावरून गावाचा एकच दिवा दिसे, टेकडीवरच्या खुणादेवीचा. त्या दिव्याकडे तोंड ठेवून होडी आली की खाडीत सुखरूप शिरायची. जरा डावीकडे सरकली की खाली खडक. त्या दिवाळीत दिव्यात तेल घालायची पाळी सोमा तांडेलाच्या घराची होती आणि ते काम त्याची नवी सून येसू करत असे. तिचा नवरा हरबा होडी घेऊन दर्यात गेला होता. पहाटेच्या आंघोळीला घरात असेन, असं सांगून गेला होता.

त्याच वर्षी गावात कोणीतरी मुंबईहून आकाशकंदील आणला. झालं! एकाचं बघून दुसऱ्याने केला, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने. सोमा तांडेल तर हौसेला मोल नसलेला माणूस. त्याने परड्यातली चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, काठी तासून सगळ्यांपेक्षा मोठा कंदील केला आणि दर्याकडच्या सर्वांत उंच माडावर चढवला. वाऱ्याने खाली येऊ नये म्हणून बुंध्याशी दोरीला गाठीवर गाठ मारली. जन्मभर होड्या बांधलेले हात ते; ती गाठ सुटायची नव्हती.

येसू देवीच्या दिव्यात तेल घालून वळली, तेव्हा खाली सगळा किनारा उजळला होता. तिला फार बरं वाटलं. आपल्या घरचा कंदील सर्वांत उंच, याचा अभिमानही वाटला. तेवढ्यात तिला दर्यात होडीवरचा कंदील दिसला. बाकीच्या होड्या केव्हाच लागल्या होत्या, म्हणजे हरबाच तो. दिवा सरळ येत होता, मग घुटमळला, आणि हळूहळू डावीकडे वळला. असं का, हे तिला क्षणभर कळेना. मग कळलं. हरबा आपल्या बापाच्या कंदिलाला देवीचा दिवा समजला होता.

ती टेकडी कशी उतरली ते तिचं तिलाच ठाऊक. "कंदील इझवा!" असं ओरडत ती अंगणात आली. लोक बघतच राहिले. सासऱ्यासमोर पदर न ढळू देणारी पोर ती.

"दिवाळीचो कंदील इझवूचो?" सोमा तांडेल कडाडला. "मगे पितरांका वाट कोण दाखयतलो?"

"पितर वाट चुकले तरी परत मरूचे नाय, आबा," येसू म्हणाली. "तुमचो झील मरतलो!"

सोमाने दर्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो धावत माडाकडे गेला आणि दोरीला भिडला. पण खाऱ्या दमट हवेने गाठ आणखीच आवळली होती. ज्या हातांची गावात ख्याती, त्याच हातांना आपलीच गाठ सुटेना. तेव्हा येसूने कोयता उचलला आणि दोरी तोडली. कंदील भर रांगोळीवर पडला, भडकला आणि विझला.

ते पाहून शेजारच्या घराने आपला उतरवला, मग पलीकडच्याने. कोणी पाणी ओतलं, कोणी फुंकर मारली. बघता बघता सगळा किनारा काळाकुट्ट झाला. वर फक्त देवीचा दिवा राहिला. माणसं वाळूत उभी राहून दर्याकडे बघत होती. होडीचा दिवा थांबला, डुलला आणि उजवीकडे वळू लागला.

मग खाडीच्या तोंडातून हरबाचा आवाज आला. तो कुशलमंगल विचारत नव्हता. तो दिवा टांगणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. म्हणजे स्वतःच्याच. ती शिवी ऐकून सोमा तांडेल वाळूत बसला आणि हसता हसता रडला. इतकी गोड शिवी गावाने कधी ऐकली नव्हती.

येसूला ओरडून सगळ्यांना सांगायचं होतं. पण नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? ती नुसतीच ओरडली, "इलो! इलो रे इलो!"

भिजलेल्या हरबानेच मग नवा कंदील पेटवला. सोमाने तो चढवला आणि दोरीला सुरगाठ मारली, एका ओढीत सुटणारी. मोकळं टोक त्याने सुनेच्या हातात दिलं. म्हणाला, "ह्या तुझ्याकडे रवांदे."

आजही काजरबंदरात कंदिलाची सुरगाठ सासरा मारतो आणि दोरीचं टोक सुनेकडे असतं. होड्यांना आता इंजिनं आहेत, वाट दाखवणारी यंत्रं आहेत. तरी शेवटची होडी लागेपर्यंत किनारा अंधारात थांबतो. ज्यांची होडी नाही, पोरगा पुण्याहून एसटीने यायचा आहे, तेही थांबतात. होडी लागली की बायका ओरडतात, "इलो रे इलो!" नाव कोणी घेत नाही. त्यामुळे घराघरात वाटतं, आपलाच आला.